बाकीच्यांचे पाच टक्के

१

रजिस्टररावांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि तिथे ते सुखाने नांदत होतं. बाकी सगळ्या जगाला ते रजिस्टरराव. छत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसून, आलेल्या प्रत्येक कागदाला तारीख, वेळ आणि क्रमांक दिल्यावर माणसाने आणखी कुठल्या नावाची अपेक्षा करावी?

निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी दहाला कामावर हजर होत. कार्यालय तेवढं लहान झालं होतं. न्हाणीघराशेजारची अडगळीची खोली, सहा फूट बाय पाच. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. दार सुताराकडून मुद्दाम जाड करून घेतलेलं आणि त्याला पोस्टकार्डाएवढी काच. काच रजिस्टररावांना नको होती. पण सुतार म्हणाला होता, "साहेब, आत काही झालं तर बाहेरच्याला दिसायला नको?"

आत एक टेबल. त्यावर भाचीने दिलेला जुना लॅपटॉप, मायक्रोफोन, हेडफोन, पाण्याचा थर्मास आणि तीन खंडांची एक कादंबरी. अकराशे पानं.

कादंबरी त्यांच्या बायकोची होती. म्हणजे लिहिली दुसऱ्याच कुणी होती, पण चाळीस वर्षं दरसाल एकदा वाचून तिने मालकी सिद्ध केली होती. आता तिच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. कुणाच्या तोंडाकडे बघायचं असलं की ती त्याच्या कानाच्या बाजूला बघायची. नवख्या माणसाला वाटे, आपल्या मागे कुणी उभं आहे. अक्षरं मात्र अशी कानाकडून वाचता येत नाहीत.

आणि रजिस्टररावांच्या घशात गाठ होती. डॉक्टरांनी बावीस दिवसांनंतरची तारीख दिली होती. "गाठ जाईल. आवाजही जाईल. कुजबूज उरली तरी खूप समजा." तोवर दिवसाला दोन तास बोलायची परवानगी होती, जास्त नाही.

बावीस दुणे चव्वेचाळीस. तासाला वीस पानं धरली तर अकराशे पानांना पंचावन्न तास. अकरा तास कमी पडत होते. म्हणून घरात बोलणं त्यांनी बंदच केलं. पहिल्या दिवशी त्यांनी बायकोसाठी मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. तिने चिठ्ठी कानाशेजारी धरून पाहिली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या हुशारीला आता हार कुठून आणू?" मग टेबलावर टिचक्या ठरल्या. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तिचं म्हणणं असं की लग्नानंतर इतका समजूतदार संवाद प्रथमच होत होता.

२

अडचण लॅपटॉपची होती. वाचता वाचता मध्येच तो एक 'टक्' गिळायचा किंवा ओकायचा. अर्धा शब्द गायब. मग ते पान पुन्हा वाचायचं. शिवाय बाहेरच्या बेसिनचा नळ गळत होता, त्याची 'टप्' गाद्यांतूनही आत पोचायची. दोन तासांतला अर्धा तास असा दुरुस्तीत जाई.

भाची रेडिओ केंद्रात ध्वनीचं काम बघायची. फोनवर ती म्हणाली, "मामा, तो लॅपटॉप एकाच वेळी पन्नास कामं करतो. तुमचा आवाज घ्यायच्या क्षणाला तो दुसरीकडेच असतो. आपण त्याचं कर्नल बदलू या."

दोन टिचक्या ऐकू आल्या.

"नाही कसं? घाबरू नका. कर्नल म्हणजे आतला हेडक्लार्क. कोणाचं काम आधी, कोणाचं नंतर, ते तोच ठरवतो. तुमच्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकलंय, त्या प्रणालीत तो बदलता येतो. रिअल-टाइम कर्नल घातलं की तुमचा आवाज सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीला. तो आला की बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं."

हेडक्लार्क म्हटल्यावर रजिस्टररावांना जरा बरं वाटलं. कर्नल घडवण्याआधी पडद्यावर हजारो प्रश्न येतात, हो, नाही किंवा लागेल तेव्हा, आणि भलेभले त्याला कंटाळतात, असं भाची सांगत होती. रजिस्टररावांनी चष्मा पुसला. इतका सविस्तर फॉर्म निवृत्तीनंतर कुणी त्यांच्यापुढे ठेवला नव्हता. दोन दिवस ते वहीत टिपणं काढत, भाचीला विचारत, एकेक ओळ भरत राहिले. मग लॅपटॉप चार तास घरघरत स्वतःचं डोकं स्वतःच नव्याने बांधत बसला.

"आता शेवटचं," भाची म्हणाली. "एका सेकंदातले पंच्याण्णव टक्के रेकॉर्डिंगचे. उरलेले पाच टक्के बाकीच्यांचे. त्या आकड्याला हात लावायचा नाही. तिथे उणे एक लिहिलं तर तेही जातात."

एवढ्यासाठी रजिस्टररावांनी तोंड उघडलं. "बाकीचे म्हणजे कोण?"

"सगळेच. कीबोर्ड, पडदा, डिस्क. तुम्ही 'थांब' म्हणून कळ दाबाल, ती ऐकणाराही त्याच पाच टक्क्यांत."

रजिस्टररावांना हसू आलं आणि त्यांनी दिवसाच्या शिल्लक आवाजातली तीन मिनिटं एका गोष्टीवर उधळली. वर्षअखेरीला त्यांच्या साहेबांनी एकदा हुकूम सोडला होता, हा एक कागद निघेपर्यंत बाकी कुणी जागचं हलायचं नाही. सगळे बसले. कागद टेबलामागून टेबल करत शिक्क्यापर्यंत आला. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाच्या कमरेला, आणि शिपाई व्हरांड्यात हुकूम पाळत उभा. कागद शिक्क्यासाठी थांबला, शिपाई कागदासाठी. संध्याकाळी दिवे लागले तरी दोघे तसेच.

"मामा, हेच! अगदी हेच!" भाची हसून हसून म्हणाली. "शिपायाला हलू द्यायचं."

३

पहिलंच वाचन लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. एक 'टक्' नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इतका जवळून येत होता की रजिस्टररावांना आपण आपल्याच कानात बसून वाचतोय असं वाटलं. नळाची 'टप्'सुद्धा नाही. मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळाने दोन तास दाखवले तेव्हा त्यांनी थांबवायची कळ दाबली. रेकॉर्डिंग लगेच थांबलं नाही. थोडा वेळ गेला, कुणी आतून 'आलो, आलो' म्हणत चपला शोधाव्यात तसा. मग थांबलं.

ते बाहेर आले. आत जाताना बायकोने दाराजवळच्या स्टुलावर चहा ठेवला होता. गार झाला असेल असं धरून कप उचलायला हात घातला आणि बोट भाजलं.

"एवढ्यात आलात?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "काही बिघडलं का?"

भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून सहा मिनिटं दाखवत होतं. सेल गेले असतील, त्यांनी मनाशी नोंद केली. मग रेडिओवर सव्वादहाच्या बातम्या लागल्या. रेडिओचेही सेल गेले असतील, असं म्हणण्याइतके ते अजून म्हातारे झाले नव्हते.

बेसिनचा नळ गळत होता. टप्. टप्. अगदी वेळेवर.

४

घड्याळजीने रजिस्टररावांचं घड्याळ उघडलं, भिंगातून पाहिलं, फुंकर मारली आणि बंद केलं. "साहेब, घड्याळ ठणठणीत आहे. ते पुढे जात नाही. तुम्हीच कुठेतरी जास्तीचा वेळ काढून येताय." आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येताना रजिस्टररावांनी आकडेमोड केली. आत दोन तास, बाहेर सहा मिनिटं. वीसला एक. शंभराला पाच.

ते फुटपाथवर थांबले. माणसं जात होती, एक बाई कुत्र्याला ओढत होती, दुकानदार शटरला तेल घालत होता. पाच टक्के कोणाकोणाचे आहेत हे भाचीने सांगितलं होतं, पण यादी तिने पूर्ण वाचून दाखवली नव्हती.

शहाण्या माणसाने इथेच लॅपटॉप बंद करून माळ्यावर टाकला असता. रजिस्टरराव शहाणे होते, पण त्यांना अकरा तास कमी पडत होते आणि आता कुणीतरी खिडकीतून हात बाहेर काढून ते देत होतं. डॉक्टरांनी दिवसाला दोन तास सांगितले होते, पण दिवस कोणाचा, आतला की बाहेरचा, हे सांगितलं नव्हतं. असल्या पळवाटा छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना करून दिल्या होत्या. एक स्वतःला.

ते आत दहा-दहा तास बसू लागले. बाहेर अर्धा तास जाई. बाहेर आले की कडकडून भूक लागलेली.

"अहो, आत्ताच तर जेवलात," बायको म्हणे आणि तरी वाढे.

एकदा तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला. "सकाळी दाढी केली नाहीत?"

केली होती. त्यांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या. खोटं बोलायला टिचकी सोपी पडते.

"आणि त्या खोलीतून आवाज येतो," ती म्हणाली. ती त्यांच्या डाव्या कानापलीकडे बघत होती, म्हणजे थेट त्यांच्याकडे. "डास गुणगुणतो तसा. डासाहूनही बारीक. तुम्ही आत गेलात की सुरू होतो. तुमच्या वाचण्याचा आवाज का नाही येत?"

जाड दार, असं त्यांनी हातानेच दाखवलं. तिला ते दिसलं नाही.

"मला तो आवाज आवडत नाही. बंद करा ते."

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय." तीन शब्द खर्च झाले.

"माझ्यासाठी असेल तर मी सांगते, नको. पुस्तक मला पाठ आहे. तुम्ही इथे बसा आणि माझ्याशी भांडा. बावीस दिवस पुरेल एवढं आहे माझ्याकडे."

त्यांनी तिचा हात थोपटला आणि ते कामावर गेले.

५

पाच दिवसांत नऊशेवीस पानं झाली. तयार झालेलं ते भाचीकडे पाठवत असत. सहाव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"मामा, काम फर्स्ट क्लास. फक्त एक विचारायचं होतं. तळाशी कुठेकुठे घरघर येते. अगदी खालची, कानापेक्षा छातीला कळणारी. पंखा असतो का आत?"

दोन टिचक्या.

"मग मी ती वेगळी काढली आणि वेगाने वाजवून बघितली. वीसपट. मामीचा आवाज आहे. 'अहो, चहा ठेवलाय.' स्वच्छ."

रजिस्टररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आधी वाटलं फाईलचा वेग चुकला असेल. होतं तसं. पण तुमचा आवाज बरोबर वेगाने आहे ना! एकाच खोलीत, एकाच माइकवर एक माणूस बरोबर आणि दुसरं वीसपट हळू, हे मला कुणी करायला सांगितलं तरी जमणार नाही. तुम्ही काय केलंत नक्की?"

"गाद्या," रजिस्टरराव म्हणाले. "गाद्यांमुळे."

"गाद्यांमुळे," भाचीने नोंद करून घेतल्यासारखं म्हटलं. "बरं, आणि त्याच्यापुढे मामी अजून एक वाक्य बोलते. 'तुम्ही आत आहात ना?' तीनदा विचारते, मामा. तुम्ही उत्तर का नाही दिलंत?"

६

त्याच संध्याकाळी घशाच्या डॉक्टरांनी आरशातून आत पाहिलं, मग दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिलं. डॉक्टर दुसऱ्यांदा बघायला लागला की फी वसूल झाल्यासारखं वाटतं, असं रजिस्टरराव नेहमी म्हणत. आज म्हणाले नाहीत.

"किती बोलताय?"

दोन बोटं वर.

"हे आठवड्याचं काम नाही. महिनाभर कुणीतरी रोज बोलवून घेतलंय तुमच्याकडून." डॉक्टरांनी दिवा विझवला. "परवा सकाळी आठला भरती व्हा. आता थांबण्यात अर्थ नाही."

उरली होती एकशेऐंशी पानं. नऊ तास, म्हणजे बाहेरची सत्तावीस मिनिटं. हातात पूर्ण एक दिवस होता. रजिस्टरराव घाबरण्याऐवजी जवळजवळ खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी दहाला घराबाहेर रस्ता खोदायला सुरुवात झाली.

बाहेरून ते नुसतं यंत्राचं कडकडणं होतं. आत, वीसपट लांबलेलं, ते निराळंच झालं. धड... मग मोठा श्वास घेतल्यासारखी शांतता, मग पुन्हा धड. प्रत्येक ठोक्याला भिंतीवरच्या गाद्या फुगत आणि बसत. वाचलेलं पान ऐकलं तर शब्दांखालून काहीतरी अवजड चालत येत होतं. ते बाहेर जाऊन मुकादमाला भेटले. संध्याकाळपर्यंत काम चालणार होतं. उद्याही.

"जाऊ द्या आता," बायको म्हणाली. ती बेसिनपाशी भिंतीला हात लावून उभी होती. "शेवटचं मला माहीत आहे. ती परत येते आणि घरात कुणी नसतं. झालं? संपलं पुस्तक. आज दिवसभर बोला माझ्याशी. उद्यापासून..."

रजिस्टररावांना बोलायचं होतं. पण एकशेऐंशी पानं बाकी ठेवून माणसाने बोलावं काय? अर्धवट नोंद त्यांनी आयुष्यात सोडली नव्हती. एकच प्रकरण, त्यांनी ठरवलं. एक प्रकरण वाचून येतो, मग दिवसभर हिच्यापाशी बसतो.

त्यांनी बोटाने एक मिनिट दाखवलं, मग तिला दिसत नाही हे आठवून तिच्या तळव्यावर एक टिचकी मारली. हो.

आत आल्यावर ते पडद्यावरच्या आकड्यापुढे बसून राहिले. ठोके येत होते. हे सगळं त्या पाच टक्क्यांतूनच आत येतंय, त्यांच्या मनात आलं. यंत्र, नळ, रस्ता. एवढी फट बंद केली की निर्भेळ शांतता. एका प्रकरणापुरती.

त्यांनी जुना आकडा पुसला आणि उणे एक लिहिलं.

धड, असा ठोका सुरू झाला होता. तो पुरा झाला नाही.

७

असं वाचन त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. अठ्ठावीस पानं, एकही अडखळ नाही. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी क्षणभर श्वास धरला, कळ दाबली आणि 'आलो, आलो'ची वाट पाहिली.

कुणी आलं नाही.

पुन्हा दाबली. पडद्यावरची हिरवी रेघ त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. बाकी पडद्यावर काही हलत नव्हतं. कोपऱ्यातल्या घड्याळात दहा वाजून एकोणचाळीस मिनिटं होती. मनगटावर बारा वाजून गेले होते.

रजिस्टररावांनी वीज तोडली. रेघ हलत राहिली. बंद करायचं बटण शंभर मोजेपर्यंत दाबून धरलं. बटण दाबलं गेल्याचं ऐकणारा कुणी असावा लागतो, हे त्यांना सत्तरच्या आसपास कळलं, पण शंभरपर्यंत मोजलं. सवय.

मग ते उठले आणि दाराला हात लावला. दार अडकलेलं वाटलं नाही. अडकलेल्या दाराला थोडं का होईना हिसका बसतो. हे भिंतीवर रंगवलेल्या दारासारखं होतं.

तेव्हा त्यांनी काचेतून पाहिलं.

बेसिनच्या नळाखाली एक थेंब होता. तोटीपासून सुटलेला, बेसिनला न पोचलेला. त्यात खिडकी दिसत होती, उलटी, गजांसकट.

थेंबाच्या अलीकडे बायको होती. ती दाराकडे निघाली होती. एक पाऊल उचललेलं, एक हात भिंतीवर, दुसरा दार वाजवायला वर. बोटांची पेरं दारापासून चार बोटांवर. तोंड उघडलेलं, 'अहो'तल्या पहिल्या अक्षरापुरतं.

रजिस्टररावांनी हाक मारली. मागे हिरवी रेघ उसळली आणि हेडफोनमधून त्यांचाच आवाज बारीक ऐकू आला. तो आवाज अगदी स्वच्छ होता.

खाली बसून त्यांनी विचार केला. आयुष्यभर रांगेतल्या लोकांना त्यांनी शांतपणे समजावलं होतं, तसंच ते स्वतःला समजावू लागले. कळ ऐकणारा रांगेत उभा आहे. काम संपलं की त्याचा नंबर. पण काम संपलं हे तोच सांगणार. म्हणजे शिपाई व्हरांड्यात, किल्ली कमरेला, आणि हा कागद...

त्यांना हसू आलं. हेडफोनमध्ये कुणीतरी हसलं.

लॅपटॉप फोडायचा विचार त्यांच्या मनात आला. दोन्ही हातांनी तो डोक्यावर उचललाही. मग काचेतून वर उचललेल्या त्या हाताकडे पाहिलं. तिचा नंबर आता या डब्यात होता. नंबर लावायची खिडकीच जाळली तर रांगेतल्या माणसाचं काय होतं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लॅपटॉप हळूच खाली ठेवला आणि टेबलाच्या कडेला समांतर केला.

८

उरलेली पानं त्यांनी वाचली. दुसरं काय करणार? ती परत येते आणि घरात कुणी नसतं. थर्मास त्याआधीच संपला. मनगटावरच्या घड्याळाला त्यांनी चार वेळा किल्ली दिली, पाच वेळा, मग मोजणं सोडलं. मोजणं सोडल्याची नोंद मात्र मनात केली.

पुस्तक संपल्यावर ते माइकमध्ये तिच्याशी बोलले. भांडलेसुद्धा. तिच्याकडे बावीस दिवसांचं होतं, यांच्याकडेही काही कमी नव्हतं. कितीतरी दिवसांपूर्वी टेबलावर मारलेल्या दोन टिचक्या परत घेतल्या. आवाज चिरकला, घोगरा झाला, मग कुजबूज झाली. मग हिरवी रेघ त्यांच्या ओठांच्या हालचालीला हलेनाशी झाली. डॉक्टरांचं उद्याचं काम आतल्या आत उरकलं.

अधूनमधून ते काचेपाशी जात. थेंब तिथेच असे. बोटं आधी चार बोटांवर होती. आता साडेतीन वाटत होती. पण भूक लागलेल्या माणसाच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

एकदा मात्र त्यांनी तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. ती काचेकडे बघत नव्हती, काचेच्या जरा डावीकडे बघत होती.

रजिस्टरराव मागे सरकले. त्यांचा हात गालावर गेला. दाढी बोटांत गुंतली. आता जरा वेळापूर्वी तिच्या तळव्यावर टिचकी मारून एक माणूस या दारातून आत आला होता. तिच्या हिशेबाने अजून तो दाराआड बसलाही नसेल. ते साडेतीन बोटांचं अंतर जेव्हा सरेल तेव्हा काचेत तिला कोण दिसेल? आणि तेव्हाही दिसायला कुणी उभं असेल का, की खाली, गाद्यांच्या कडेला...

त्यांनी अंगातला कोट काढला आणि काचेवर अडकवला. नीट, दोन्ही बाह्या आत घेऊन, फट न ठेवता.

मग रेघेच्या अंधूक हिरव्या उजेडात चाचपडत ते दाराशी टेकले. तीनदा विचारलेला प्रश्न अजून अनुत्तरित होता. तुम्ही आत आहात ना? त्यांनी पेरं वाकवली आणि दारावर एक टिचकी मारली. एकच.

पलीकडून काही येतं का, ते कान लावून ऐकत राहिले.

ते ऐकताहेत. ती 'अहो' म्हणते आहे. अजून पहिल्याच अक्षरावर आहे.